पायाचं माप

चप्पल तयार झाली की नाना ती आधी गालाला लावायचे. आतली बाजू गालावरून, मग ओठांवरून हळूहळू फिरवायची, डोळे मिटून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नजर वळवली. आपल्याकडे चप्पल उंबऱ्याबाहेर ठेवतात, क्वचित कोणाला मारतात, आणि देवळाबाहेरून ती चोरीला जाते. ती तोंडाला लावणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. तुम्हीही पाहिला नसेल.

कारण साधं होतं. नानांच्या हातांना काही कळत नसे. बोटं आत वळलेली, दोन तर पेरापासून गेलेली, आणि तळव्यावर निखारा ठेवला असता तरी वास आल्यावरच त्यांना समजलं असतं. दोऱ्याची गाठ कुठे टोचते, रबराची कड कुठे राहून गेली, हे तपासायला त्यांच्याकडे गाल आणि ओठ एवढंच जागं कातडं उरलं होतं. ज्याच्या पायात ती चप्पल जाणार, त्यालाही टोचलेलं कळणार नव्हतं. म्हणून त्याच्या वतीने आधी नाना टोचून घ्यायचे.

कसे आहात, असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "अजून फर्म्यावर शे, साहेब." फर्मा म्हणजे जोडे शिवणाऱ्यांचा लाकडी पाय, त्याच्यावर चढवून माल शिवतात. देवाने आपल्याला अजून फर्म्यावरून उतरवलेलं नाही, त्याचं काम चालू आहे, तेव्हा माल कसा निघाला हे आत्ताच विचारू नका, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणायचो, नाना, तुमचा देव फार सावकाश काम करतो. त्यावर ते म्हणायचे, "सावकाश शे, पन त्यानी शिलाई उसवत नही."

मी काही साहेब नव्हतो. सरकारी कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो. मूळचा फैजपूरकडचा, घर धुळ्याला देवपुरात, आणि नोकरीची बरीच वर्षं एरंडोल तालुक्यात गेली. फटफटीवरून गावोगाव फिरायचं, लोकांच्या अंगावरचे चट्टे शोधायचे, गोळ्या द्यायच्या, आणि ज्यांचे पाय बधिर झाले त्यांच्या पायाचं माप घ्यायचं. कागदावर पाय ठेवायला सांगायचा आणि भोवतीने पेन्सिल फिरवायची. महिन्यातून एकदा ते कागद घेऊन मी धुळ्याबाहेरच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत जायचो. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये नाना काळ्या मऊ रबराच्या चपला करायचे. त्यात खिळा एकही नसे, सगळं शिवलेलं आणि चिकटवलेलं. बधिर पायात खिळा घुसला तर माणूस आठ दिवस तसाच चालत राहतो आणि मग पाय कापावा लागतो. नानांनी असे पुष्कळ पाय पाहिले होते, त्यामुळे खिळ्याशी त्यांचं जन्माचं वैर होतं.

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. नाव लिहिलं तर एका बाईच्या संसारात काडी पडेल, आणि तिच्या आयुष्यात मी एकदा माती कालवलेली आहे.

नाना एरंडोलकडच्याच एका खेड्यातले. मोठ्या भावाबरोबर शेती होती, लग्न झालेलं होतं, दोन वर्षांची मुलगी होती. कानाची पाळी जाड झाली, पायाला चटका कळेनासा झाला, तेव्हा भावाने ओळखलं. आमच्याकडे जुनी माणसं या रोगाला रगतपिती म्हणतात आणि म्हणतानाही आवाज खाली आणतात. भाऊ म्हणाला, कोणाला कळायच्या आत तू निघून जा, नाहीतर या घरातली एक पोर उजवली जाणार नाही. नाना निघून गेले. महिन्याभरात भावाने गावात सांगून टाकलं की तो सुरतेला कामाला गेला होता, तिथे वारला. दहावा झाला, तेरावा झाला. बायकोचं कुंकू पुसलं. पुढे दोन-तीन वर्षांत तीही तापाने गेली.

हे नानांना कसं कळलं, ते सांगताना ते स्वतःच हसायचे. धुळ्याच्या बसस्टँडवर त्यांना गावचा एक माणूस दिसला. नानांनी आनंदाने हाक मारली. त्या माणसाने वळून पाहिलं, हातातली पिशवी टाकली आणि पळत सुटला. नाना पिशवी घेऊन त्याच्या मागे. शेवटी रसवंतीवाल्याने मध्ये पडून दोघांना बसवलं, तेव्हा त्या माणसाने थरथरत सांगितलं की मी तुझ्या तेराव्याला जेवलो आहे. नाना म्हणायचे, जेवण कसं होतं ते विचारायचं राहून गेलं. आम्ही दोघे हसायचो.

जखमा चिघळल्या तेव्हा ते मिशनच्या दवाखान्यात गेले. तिथल्या एका नर्सने हातमोजे न घालता त्यांचे पाय धुतले. पुढे ते ख्रिस्ती झाले. त्यावरून मी एकदा त्यांना टोचलं होतं. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट, तोंडाला लगाम नव्हता. म्हटलं, नाना, लोक म्हणतात तुम्ही भाकरीसाठी बाटलात. ते दोरा ओढत राहिले. मग म्हणाले, "खरं शे. पन माले भाकर वाढाले दुसरं कोन उनं व्हतं?" मी भाकर न वाढणाऱ्यांपैकीच होतो.

वसाहतीच्या टोकाला छोटं प्रार्थनाघर होतं. रविवारी तिथे कोणीतरी उठून साक्ष द्यायची पद्धत असते. म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं: ताप उतरला, पोराला नोकरी लागली, रोजची भांडणं मिटली. नाना दर रविवारी उठायचे आणि एकच साक्ष द्यायचे. प्रभूने माझी मुलगी मला भेटवली, त्याचे आभार. भेटवली कुठे होती? ती एरंडोलच्या बाजूला काकाच्या घरी वाढत होती आणि बाप मेला असं समजत होती. पाळक दर वेळी समजावायचे की भेटल्यावर सांगा. मीही म्हणालो, झाल्यावर आभार मानतात नाना, आगाऊ नाही. त्यांनी माझ्याकडे अडाण्याकडे पाहावं तसं पाहिलं. "भेटनं म्हंजे कोनीबी आभार मानस. त्याले काय इस्वास लागस?"

त्यांना आयुष्यात दुसरं काही नको होतं. हात बरे व्हावेत म्हणून त्यांनी कधी प्रार्थना केली नाही. आंडेरने, म्हणजे मुलीने, एकदा समोर उभं राहून बाप म्हणून ओळखावं, एवढंच मागायचे. आणि हे देव करणार, तेही या रोगाच्याच हाताने करणार, अशी त्यांची खात्री होती. ज्या रोगाने तोडलं तोच जोडेल, म्हणायचे. मला हे ऐकून चीड यायची. मी तो रोग रोज पाहत होतो. तो काही जोडत नाही, तो फक्त झडवतो.

मग एकदा त्यांनी विचारलं, "तुम्ही शाळामा तपासनीले जातस ना, साहेब?" मी हो म्हणालो. वर्षातून एकदा शाळांमध्ये मुलांच्या अंगावरचे चट्टे तपासायला आम्ही जायचो. नानांच्या गावची शाळाही माझ्याच यादीत होती. ते उठून माझ्याजवळ आले. "तिना पाय माले आनी द्या. कागदवर. फक्त पाय."

मी आधी कानांवर हात ठेवले. नियमात बसत नव्हतं. नियमात बसत नाही हे सांगायला मला नेहमी आवडायचं, त्याने माणूस सुटतो. पण त्या वर्षी त्या शाळेत गेलो, पहिलीच्या वर्गात ती पोर दिसली, हनुवटी अगदी नानांची, आणि माझा हात आपोआप पिशवीतल्या कागदाकडे गेला. संशय नको म्हणून आणखी चार मुलांचीही मापं घेतली. ती चार वाटेत नाल्यात टाकली आणि तिचं नानांना दिलं.

त्यांनी तो कागद टेबलावर सपाट केला आणि त्याच्यावर आपला वाकडा हात ठेवला. पाय त्यांच्या हाताएवढाही नव्हता. ते म्हणाले, करंगळी आईसारखी आहे, बाहेर पळते. पेन्सिलच्या रेघेत मला करंगळी-बिरंगळी काही दिसत नव्हती.

पुढे दहा वर्षं मी दर वर्षी एक पाय आणून दिला. पाचवीत असताना पोरीने विचारलंच, काका, माझ्याच पायाचं माप दर वर्षी कशाला घेता? मी उंची आणि वजनाबद्दल काहीतरी थाप मारली. नाना प्रत्येक कागदावरून चपलांचा एक जोड करायचे आणि शेडच्या फळीवर ओळीने ठेवायचे. द्यायचा आग्रह त्यांनी केला नाही. मीच पहिल्या वर्षी बजावलं होतं की एवढं जमणार नाही. फळीवर ते जोड डावीकडून उजवीकडे मोठे होत गेले, आणि तिच्या उजव्या टाचेचा बाक, तिचं वाढणं, सगळं त्यांना तेवढ्यावरून माहीत होतं. चेहरा त्यांनी दोन वर्षांचा पाहिलेला.

दरम्यान रोग संपल्याचं कागदावर जाहीर झालं. आमच्या खात्यातली माणसं कमी झाली, रोगी तेवढेच राहिले. मी तिथेच चिकटून होतो.

ती बारावी झाली आणि तिचं लग्न ठरायला लागलं. मी नानांना सांगितलं. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मागितलं. एकच जोड द्या, लग्नाचा. बाप काहीतरी देतोच ना. मी म्हणालो, मी धुळ्याच्या बाजारातून चांगल्या घेऊन देतो तुमच्या नावाने, मनातल्या मनात. त्यांनी मान हलवली. "बाजारनी चपलमा खिळा ऱ्हास, साहेब."

आता इथे मी थांबायला हवं होतं. तिचे पाय धडधाकट होते. खिळा टोचला असता तर ती ओरडली असती, काढून फेकला असता, संपलं असतं. पण नानांच्या जगात सगळे पाय बधिर होते. पंधरा-सोळा वर्षं त्यांनी दुसरा पाय पाहिलाच नव्हता. आणि माझ्या घरी आदल्याच वर्षी माझ्या मुलीचं लग्न झालं होतं, तिला मी काय काय दिलं होतं ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी हो म्हणालो.

त्यांनी जीव ओतला. वरचे पट्टे लाल रेक्झिनचे, त्यांवर सोनेरी दोऱ्याची वेल, आणि ती वेल त्या बोटांनी, सुई दातात धरून. दोन महिने लागले. गालाला किती वेळा लावल्या असतील त्याची गणतीच नाही. दिसायला अगदी बाजारातल्या चपलांसारख्या. तळवा मात्र तोच, काळा मऊ रबर. दुसरं रबर त्यांच्याकडे नव्हतं, आणि असतं तरी त्यांनी वापरलं नसतं.

एरंडोल तालुक्यातल्या चाळीस-पन्नास घरांत ते काळं रबर मी स्वतः पोचवलं होतं. त्या घरांतली माणसं त्या चपला अंधार पडल्यावर घालत, पाहुणे आले की माळ्यावर टाकत, कारण त्या पाहिल्या की घरात काय आहे ते कळतं. हे मला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? तरी मी तो जोड घेऊन गेलो, मुलींसाठी खात्याकडून आला आहे असं सांगून तिच्या हातात दिला आणि एक चांगलं काम केल्याच्या खुशीत फटफटी हाणत परत आलो.

चपला इतक्या मऊ होत्या की तिने लग्नाची वाट पाहिली नाही. रोज घालायला लागली. कुंकू लावायला मुलाकडची माणसं आली तेव्हा त्या ओट्याखाली उतरवून ठेवलेल्या होत्या, एक उलटी पडलेली. मुलाच्या मामाने आपले जोडे काढताना तिचा तळवा पाहिला. तो चहा प्यायला, पोहे खाल्ले, गोड बोलला आणि गेला. चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला की जमणार नाही, पोरीच्या घरात आहे.

त्या मामाने तो तळवा कसा ओळखला, हे मला विचारा. त्याच्या आईसाठी तसाच जोड मीच त्याच्या हातात दिला होता. त्याच्याच घरात होतं. तो हे कोणाला सांगणार नव्हता, आणि मीही सांगू शकत नव्हतो, रोग्याचं नाव फोडायचं नसतं. ज्याच्या माळ्यावर ती चप्पल होती, त्यानेच दुसऱ्याच्या ओट्याखालची ओळखली.

तिच्या काकाने आरोग्य केंद्रात येऊन माझी कॉलर धरली. तो मारेल असं वाटलं, पण त्याने फक्त विचारलं, जिवंत शे का तो? मी हो म्हणालो. चपला त्यानेच केल्या, हेही सांगितलं. तो बाकावर बसला आणि जमिनीकडे पाहत राहिला. त्या माणसाला मी आयुष्यभर शिव्या दिल्या, पण त्या दिवशी त्याचीही दया आली. घरी जाऊन त्याने पोरीला सांगितलं की तुझ्या मेलेल्या बापाने तुझं लग्न मोडलं.

दुसऱ्या आठवड्यात ती माझ्याकडे आली. म्हणाली, मला तिथे न्या. बसमध्ये दोन तास तिच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो जोड होता.

भर दुपारची वेळ होती. नाना शेडमध्ये रबर कापत बसले होते. मी दारातूनच सांगितलं, नाना, मुलगी आली आहे. ते टेबलाला धरून उठले आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले. ती आत गेली. फळीवरचे ते दहा जोड तिने पाहिले की नाही, मला ठाऊक नाही. पुडकं टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "तुम्ही मरेल व्हतात तेच बरं व्हतं."

नानांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. ते तिच्या पायांकडे पाहत होते. तिने बाजारातल्या स्वस्त चपला घातल्या होत्या आणि टाच सोलवटून लाल झाली होती. त्यांनी हळूच विचारलं, "चावस का ती?"

ती वळली आणि बाहेर पडली. एकूण पाच मिनिटंही झाली नसतील. मी तिला बसमध्ये बसवून दिलं, तिने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं नाही.

रविवारी नानांनी मला प्रार्थनाघरात मुद्दाम बोलावलं होतं. मी मागे दाराशी उभा राहिलो. ते उठले. म्हणाले, प्रभूने माझी आंडेर मला भेटवली, त्याचे आभार. लोक आमेन म्हणाले. काही बायका रडल्या. पाळकांनी सांगितलं की पाहा, देव वाईटातून कसं चांगलं घडवतो. मला तिथेच सगळ्यांना दोन शब्द सुनवावेसे वाटले.

बाहेर आल्यावर मी नानांना सोडलं नाही. म्हणालो, त्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं, गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही, ती तुम्हाला मरा म्हणून गेली, आणि तुम्ही आभार मानता? लाज नाही वाटत? आणि देवाला हेच करायचं होतं तर त्याने मला आणि माझ्या फटफटीला कशाला मधे घेतलं? मी असं कधी कोणाशी बोललो नव्हतो, वरिष्ठांशीही नाही.

नानांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "मी मरेल व्हतू, साहेब. बठ्ठा गावले माहीत व्हतं. मरेल मानूसले शिव्या देवाले कोनी येस का? ती उनी."

ती आली होती, एवढं खरंच होतं. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं की तिचं आता कसं होईल. तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. त्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. आपल्या हातून काय झालं ते त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. आभार ते त्यातूनच मानत होते, आणि ते कसं जमतं हे मला आजपर्यंत उमगलेलं नाही.

दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, फैजपूरच्या बाजूला, एका बिजवराशी. त्याला पहिल्या बायकोची दोन मुलं होती. त्या लोकांनी फार चौकशी केली नाही, त्यांचंही अडलेलं होतं. मी नानांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, तिला आल्या-आल्या दोन लेकरं मिळाली. मी म्हणालो, नाना, आज तरी गप्प बसा. ते गप्प बसले.

पुढे शेडही बंद झाली. तयार चपला बाहेरून यायला लागल्या, ठेकेदारामार्फत, सगळ्यांना तीन मापांत. नानांच्या डाव्या पायाची जखम हाडापर्यंत गेली आणि तो गुडघ्याखाली कापला. मी दवाखान्यात भेटायला गेलो आणि सवयीने विचारलं, कसे आहात? ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आज फर्म्यावर नही, साहेब. आज कचरामा शे." इतकी वर्षं मी अशाच शब्दांची वाट पाहत होतो. त्यांची ती आशा एकदा तरी मोडलेली मला पाहायची होती. पाहिली, आणि मला रडू आलं. मी त्यांना म्हणालो, असं बोलू नका, तुमचंच म्हणणं आहे ना की त्याची शिलाई उसवत नाही. मी, ज्याने उभ्या जन्मात देवापुढे हात जोडले नाहीत, एका ख्रिस्ती माणसाला त्याचा देव समजावत होतो.

पुढच्या महिन्यात गेलो तर कुबडी घेऊन उठून बसले होते आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला पायाची निगा कशी राखायची ते शिकवत होते. रविवारची साक्ष त्यांनी आता बदलली होती. मुलगी पुन्हा भेटली, म्हणायचे. ती पुन्हा आली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या आधीच्या आठवड्यात ते गेले. ताप चढला आणि तीन दिवसांत संपलं. मी तोवर निवृत्त झालो होतो. वसाहतीच्या मागच्या बाजूला, निंबाच्या झाडापासून तिसरी जागा त्यांना मिळाली. आम्ही आठ-नऊ जण होतो. पाळकांनी प्रार्थना केली, प्रत्येकाने तीन-तीन मुठी माती टाकली. बोटं नसलेल्यांनी ती तळहातांनी लोटली.

तिला सांगावं की नाही, यावर मी पंधरा दिवस घातले. शेवटी गेलो. घर बरं होतं, अंगणात केळीचे घड उतरवून ठेवलेले, ओट्यावर सासू धान्य निवडत बसलेली. ती बाहेर आली आणि मला पाहून जागीच थांबली. मग सासूला म्हणाली, आरोग्य खात्यातले आहेत, लेकरांच्या डोसचं विचारायला आले असतील. माझ्यासाठी पाणी आणलं. तांब्या घेता घेता मी हळू आवाजात म्हणालो, नाना गेले. तिने मान हलवली. मी पाणी पिईपर्यंत तशीच उभी राहिली आणि तांब्या परत घेतला.

मी निघालो. कोपऱ्यापर्यंत पोचलो तर ती मागून आली, मला रस्ता दाखवायच्या निमित्ताने. गल्लीत कोणी नव्हतं. तिने विचारलं, "जाळलं का पुरलं?"

मी म्हणालो, पुरलं. ते ख्रिस्ती होते ना.

कुठे, तिने विचारलं. मी सांगितलं: वसाहतीच्या मागे, निंबापासून तिसरी. तिने पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. ती बोटांवर मोजल्यासारखं करत होती. मग म्हणाली, "मंग जागा शे."

हो, मी म्हणालो, आहे.

ती परत गेली. ओट्यावरून सासूने विचारलं असावं, कारण मला तिचं उत्तर ऐकू आलं. गावात वाट चुकले होते, ती म्हणाली.

त्यानंतर मी दर दोन-तीन महिन्यांनी वसाहतीत जातो. नोकरी नाही, काम नाही, कोणी बोलावत नाही. निंबाजवळच्या खोलीत एक म्हातारी राहते, दिवसभर दारात बसलेली असते, तिच्या नजरेतून कोणी सुटत नाही. मी तिला विचारतो, अक्का, नानांकडे कोणी बाई आली होती का? ती म्हणते, "नही रे भाऊ, कोनी उनं नही." मी देव मानत नाही. तरी पुढच्या खेपेला पुन्हा विचारतो.